जिवाणू प्रोटीनला साखर कशी लावतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. खालचे प्रश्न बी.एस्सी.च्या वर्गातून, आशाताईंच्या बैठकीतून, कृषी मेळाव्यातून आणि रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर येत राहतात. त्यातला बराच गोंधळ ‘साखर लागली’ या एका शब्दप्रयोगामुळे होतो. साखर कोणी लावली आणि कशावर लावली, एवढं विचारलं की अर्धा गुंता तिथेच सुटतो. म्हणून प्रत्येक उत्तरात मी या दोन गोष्टी आधी सांगितल्या आहेत.

१. जिवाणू प्रोटीनला साखर लावतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. पेशीत ती तयार होत असताना किंवा झाल्यावर काही एन्झाइम तिच्या ठरावीक अमिनो आम्लावर शर्करेचा एक रेणू, नाहीतर शर्करांची अख्खी माळ, पक्क्या रासायनिक बंधाने जोडतात. याला ग्लायकोसिलेशन म्हणतात आणि तयार झालेल्या प्रोटीनला ग्लायकोप्रोटीन. जोडणी दोन ठिकाणी जास्त आढळते. ॲस्परजिन या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवर झाली तर ती एन-जोडणी. सेरीन किंवा थ्रिओनीनच्या ऑक्सिजनवर झाली तर ओ-जोडणी. या दोन्हीत न बसणारेही काही आहेत, ते प्रश्न ९ आणि १४ मध्ये येतील.

२. ही चहात टाकतो तीच साखर का?

नाही. चहातली साखर म्हणजे सुक्रोज. इथे ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, ऱ्हॅम्नोज आणि त्यांचे बदललेले भाऊबंद वापरले जातात. काही शर्करा तर माणसाच्या शरीरात बनतच नाहीत, उदाहरणार्थ बॅसिलोसामाइन आणि स्यूडॅमिनिक आम्ल. शिवाय एन्झाइम सुटी शर्करा उचलत नाही. आधी तिला यूडीपीसारख्या न्यूक्लिओटाइडला नाहीतर मेदाच्या वाहकाला बांधून ‘चालू’ करावं लागतं. तो बंध तुटताना मिळणाऱ्या ऊर्जेवर पुढची जोडणी होते.

३. शुगरच्या पेशंटचं एचबीए१सी करतात, त्यातही हिमोग्लोबिनला साखर लागलेली असते. मग ते हेच का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, आणि उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. एचबीए१सीमध्ये कोणतंही एन्झाइम नसतं. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकावरच्या व्हॅलीनला आपोआप, हळूहळू चिकटतं. रक्तात साखर जितकी जास्त आणि तांबडी पेशी जितके दिवस जगेल, तितकं ते जास्त चिकटणार. याला ग्लायकेशन म्हणतात. ग्लायकोसिलेशनमध्ये एन्झाइम असतं, ठरलेली जागा असते, ठरलेली शर्करा असते.

विदर्भासाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती खरोखर कामाची आहे. एचबीए१सीचा हिशेब तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते या गृहीतावर उभा आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी फार तर दोन-तीन आठवडे टिकतात. म्हणून साखर वाढलेली असूनही त्याचं एचबीए१सी कमी येऊ शकतं. गडचिरोली, चंद्रपूरपासून इकडे आमच्यापर्यंत सिकलसेलची घरं भरपूर आहेत. घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना तपासणीच्या आधीच सांगा. ते उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघून ठरवतील.

४. आमच्या जुन्या नोट्समध्ये ‘जिवाणूंत ग्लायकोसिलेशन होत नाही’ असं लिहिलं आहे. परीक्षेत काय लिहू?

होतं, असंच लिहा. जुनी समजूत अशी होती की हे काम फक्त केंद्रक असलेल्या पेशींचं. १९७६ मध्ये मिठागरात राहणाऱ्या हॅलोबॅक्टेरियमच्या बाहेरच्या कवचातलं प्रोटीन ग्लायकोप्रोटीन निघालं. नावात बॅक्टेरियम असलं तरी हा आर्किया आहे, म्हणजे जिवाणूंसारखाच केंद्रक नसलेला पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव. त्याच वर्षी क्लॉस्ट्रिडियम गटातल्या खऱ्याखुऱ्या जिवाणूंच्या कवचावरही शर्करा सापडल्या. तरी हे तुरळक अपवाद समजले गेले. १९९९ मध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जुलाबाच्या जिवाणूत अनेक प्रोटीनांना शर्करा लावणारी जनुकांची एक पूर्ण तुकडी मिळाली, तेव्हा चित्र पालटलं. त्या तुकडीला ‘पीजीएल’ म्हणतात. २००२ मध्ये ती तुकडी ई. कोलाय या जिवाणूत घातली, आणि ज्याला ही विद्या मुळीच येत नव्हती तो ई. कोलाय प्रोटीनला शर्करा लावू लागला. माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग हाच.

५. मॅडम, एन्झाइमला डोळे नसतात. मग प्रोटीनवर नेमकी कुठे साखर लावायची हे त्याला कळतं कसं?

हिंगणघाटच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न, जसाच्या तसा. याचं उत्तर थोडं सावकाश वाचा.

कॅम्पिलोबॅक्टरच्या जोडणी करणाऱ्या एन्झाइमचं नाव पीजीएल-बी. ते प्रोटीनच्या साखळीत पाच अमिनो आम्लांचा एक पत्ता शोधतं. पहिल्या जागी ॲस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्ल, दुसरं कोणतंही, तिसरं ॲस्परजिन, चौथं कोणतंही, पाचवं सेरीन किंवा थ्रिओनीन. दुसऱ्या आणि चौथ्या जागी प्रोलीन मात्र चालत नाही, कारण प्रोलीनमुळे साखळी हवी तशी वळत नाही. आपल्या पेशीतलं एन्झाइम फक्त मागचे तीन शब्द वाचतं: ॲस्परजिन, कोणतंही, सेरीन किंवा थ्रिओनीन. म्हणजे जिवाणूचा पत्ता आपल्यापेक्षा लांब, त्यात गावासोबत धुऱ्याचाही उल्लेख.

‘वाचणं’ हे स्पर्शाने होतं. २०११ मध्ये कॅम्पिलोबॅक्टर लारी या भावंडाच्या पीजीएल-बीची रचना क्ष-किरणांनी उलगडली. त्यात दिसलं की एन्झाइमच्या पोटात एक बोगद्यासारखी खाच आहे. प्रोटीनची साखळी तिच्यात शिरून वळसा घेते. एन्झाइममधली ट्रिप्टोफॅन-ट्रिप्टोफॅन-ॲस्पार्टिक ही तिकडी पाचव्या जागेवरच्या थ्रिओनीनला धरते, एक अर्जिनीन पहिल्या जागेवरच्या आम्लाला धरतं. दोन्ही बाजूंनी असं पकडल्यावर मधलं ॲस्परजिन बरोबर शर्करेसमोर येतं.

अडचण एवढ्यावर संपत नाही. ॲस्परजिनच्या बाजूच्या फांदीतला नायट्रोजन आळशी असतो. त्याची इलेक्ट्रॉनची जोडी शेजारच्या कार्बन-ऑक्सिजनच्या बंधात गुंतलेली असते, म्हणून तो सहजी कोणावर हल्ला करत नाही. पीजीएल-बीमधली दोन आम्लं त्या नायट्रोजनला असं पकडतात की ती गुंतलेली जोडी मोकळी होते, असं त्या रचनेवरून मांडलं गेलं. सोबतीला मँगनीज किंवा मॅग्नेशियमचा आयन लागतोच. मग नायट्रोजन शर्करेच्या पहिल्या कार्बनला जाऊन भिडतो, वाहकाचा पायरोफॉस्फेट सुटतो आणि जोडणी होते. होताना बंधाची दिशा उलटते, अल्फाची बीटा होते. फळ्यावर हे काढताना मुलं दरवेळी बाण उलटा काढतात. बाण इलेक्ट्रॉन जिथून निघतात तिथून काढायचा, म्हणजे नायट्रोजनकडून कार्बनकडे.

६. शर्करा एकेक करून लावतात की अख्खी माळ एकदम?

दोन्ही पद्धती आहेत. पोळ्याला बैल सजवताना आपण घुंगरमाळ घरी ओवून तयार ठेवतो आणि मग एकदम गळ्यात घालतो. गेरूचे ठिपके मात्र अंगावरच एकेक करून देतो. जिवाणूंचंही तसंच.

घुंगरमाळेची पद्धत पीजीएलची. पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूला ५५ कार्बनचा एक मेदाचा वाहक असतो. त्यावर आधी बॅसिलोसामाइन बसतं, मग एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइनचे पाच रेणू आणि बाजूला फांदीसारखं एक ग्लुकोज. सात मण्यांची माळ झाली. प्रत्येक मण्यासाठी वेगळं एन्झाइम आहे, फक्त पीजीएल-एच एकटं गॅलॅक्टोसामाइनचे शेवटचे तीन मणी ओवतं आणि बरोबर तिसऱ्याला थांबतं. माळ पूर्ण झाली की पीजीएल-के ती पडद्यातून पलीकडे पलटवतं. त्यात एटीपी खर्च होतो. पलीकडे पीजीएल-बी वाट बघत असतं, ते माळ उचलून प्रोटीनवर घालतं.

मेंदूज्वराच्या निसेरिया मेनिंजायटिडिसमधलं पीजीएल-एल हेही तयार माळ घालतं, पण सेरीनवर, म्हणजे ओ-जोडणीने. माळेत कोणत्या शर्करा आहेत याबद्दल ते पीजीएल-बीपेक्षा बरंच कमी चोखंदळ आहे.

ठिपक्यांची पद्धत हिमोफिलस इन्फ्लुएन्झाची. त्याचं एचएमडब्ल्यू१सी हे एन्झाइम पेशीद्रवातच यूडीपी-ग्लुकोजमधून ग्लुकोज घेतं आणि थेट ॲस्परजिनवर एकेक ठेवतं. ना मेदाचा वाहक, ना पडदा.

७. काहून लावतात पण? एवढी मेहनत जिवाणू फुकट करणार नाही.

फुकट नाहीच. कॅम्पिलोबॅक्टर ६० पेक्षा जास्त प्रोटीनांना ही सात मण्यांची माळ घालतो. ती माळ काढली तर तो कोंबडीच्या आतड्यात नीट बस्तान बसवू शकत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे.

शेपटीची गोष्ट याहून ठळक आहे. कॅम्पिलोबॅक्टर पोहतो तो फ्लॅजेला या शेपटीने. शेपटी फ्लॅजेलिन या प्रोटीनच्या हजारो विटांनी बनते आणि प्रत्येक विटेवर स्यूडॅमिनिक आम्ल ओ-जोडणीने लावलेलं असतं, एका विटेवर १९ पर्यंत जागी. ते लावलं नाही तर शेपटीच उभी राहत नाही आणि जिवाणू जागचा हलत नाही. जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचंही हेच. आतड्यातला किंवा जठरातला शेंबडासारखा चिकट थर पोहून ओलांडल्याशिवाय या दोघांना पेशीपर्यंत पोहोचता येत नाही. त्यामुळे शेपटी गेली की रोग करण्याची ताकदही जवळपास गेली. लक्षात घ्या, शेपटीवरची शर्करा आणि प्रश्न ६ मधली माळ ही एकाच जिवाणूतली दोन वेगळी खाती आहेत. एक बंद केलं तरी दुसरं चालू राहतं.

८. आमच्या घरी गावरान कोंबड्या आहेत. पुण्यात लकवा आला तो याच जिवाणूमुळे, म्हणजे या साखरेमुळेच ना?

जिवाणू बरोबर, साखर वेगळी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गियां-बारे सिंड्रोमची साथ आली तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. पण या आजाराला कारण ठरते ती शर्करा प्रोटीनवरची नसते. जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर मेदाला जोडलेल्या काही शर्करा असतात. काही वाणांत त्यांची ठेवण आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड या शर्करायुक्त मेदासारखी हुबेहूब असते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती चुकून आपल्याच मज्जातंतूंवर जातात. कशावर लावली हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा ठरतो.

कोंबड्यांचं म्हणाल तर या जिवाणूला ४२ अंशांची ऊब मानवते आणि कोंबडीचं अंग तेवढंच गरम असतं. कोंबडी आजारीही दिसत नाही. चुलीवर रटरट शिजलेल्या रश्शात तो टिकत नाही. धोका असतो तो कापताना, कच्चं मांस नळाखाली धुताना उडालेल्या शिंतोड्यांत आणि त्याच विळीवर लगेच कांदा चिरण्यात. विहिरीत ब्लिचिंग टाका. जुलाबानंतर आठ-पंधरा दिवसांत पायांतून वर चढणारी अशक्तता जाणवली तर अंगारा-धुपारा न करता थेट मोठा दवाखाना गाठा.

९. जिवाणू आपल्या, म्हणजे माणसाच्या, प्रोटीनलाही साखर लावतात हे खरं का?

खरं आहे, आणि ते हत्यार म्हणून. अँटिबायोटिक बरेच दिवस घेतल्यावर कधीकधी भयंकर जुलाब लागतात. त्यामागे बहुधा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल असतो. त्याची दोन विषं आतड्याच्या पेशीत शिरतात आणि पेशीचा सांगाडा सांभाळणाऱ्या रो या प्रोटीनच्या ३७ व्या थ्रिओनीनवर ग्लुकोज ठेवतात. रो हे बटणासारखं काम करतं. त्यावर ग्लुकोज बसलं की बटण बंदच राहतं. सांगाडा कोसळतो, पेशी गोल होते, शेजारणीपासून सुटते. एन्झाइम जिवाणूचं, प्रोटीन आपलं आणि ग्लुकोजही आपल्याच पेशीच्या यूडीपी-ग्लुकोजमधलं.

दुसरं उदाहरण लहान मुलांना जुलाब करणाऱ्या ई. कोलायच्या वाणाचं. तो सुईसारख्या यंत्रणेने एनएलई-बी हे एन्झाइम पेशीत टोचतो. संसर्ग झालेली पेशी एरवी स्वतःला संपवून जिवाणूची वाट अडवते. हे एन्झाइम तो संदेश देणाऱ्या प्रोटीनच्या अर्जिनीनवर एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन लावून संदेशच थांबवतं. अर्जिनीनवरची ही जोडणी २०१३ मध्ये समोर आली.

१०. टीबीच्या जिवाणूतही असं काही असतं का?

हो. आशाताई हे नेहमी विचारतात. टीबीचा जिवाणू पेशीबाहेर पाठवायच्या काही प्रोटीनांना थ्रिओनीनवर मॅनोज लावतो. हे एन्झाइम आपल्या आणि यीस्टच्या मॅनोज लावणाऱ्या एन्झाइमशी नात्यातलं आहे. ते काढलेला जिवाणू उंदरांत कमजोर पडला. एपीए नावाच्या अशाच एका प्रोटीनवरचं मॅनोज कमी केल्यावर गिनीपिगांच्या टी पेशी (रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनात. थुंकीच्या तपासणीशी किंवा सध्याच्या गोळ्यांशी याचा संबंध नाही. गोळ्या ठरल्या तितके महिने पूर्ण घ्यायच्याच.

११. सोयाबीनला रायझोबियम लावताना आम्ही गुळाचं पाणी टाकतो. ती साखर जिवाणूच्या प्रोटीनला लागते का?

गुळाचं पाणी पाकिटातली काळी भुकटी दाण्याला धरून ठेवतं, एवढंच. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उन्हात वाळवलं तर मेलेले जिवाणू पेराल.

पण रायझोबियम स्वतः एक शर्करेचं काम करतो. मुळाला ‘मी आलो’ हे कळवायला तो एन-ॲसिटिलग्लुकोसामाइनच्या चार-पाच मण्यांची माळ बनवतो आणि तिच्या टोकाला मेदाम्ल लावतो. त्याला नॉड घटक म्हणतात. तो ओळखून मूळ गाठ बनवू लागतं. यात प्रोटीन नाही, म्हणून हे ग्लायकोप्रोटीन नव्हे. गाठी चांगल्या झाल्या का हे बघायचं असेल तर पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक झाड मातीसकट उपटा आणि गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी असेल तर नत्र बांधणं चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

१२. बीटी पऱ्हाटीतलं विष जिवाणूचं प्रोटीन आहे. गुलाबी बोंडअळीने त्याच्यावरची साखर बदलून तर मात केली नाही ना?

२०१७ च्या हंगामानंतर यवतमाळकडून हा प्रश्न सारखा येतो. क्राय१एसी या बीटी प्रोटीनला काम करायला स्वतःवर साखर लागत नाही. साखर असते ती अळीच्या आतड्यात. तंबाखूवरच्या एका अळीत असं दिसलं की क्राय१एसी आतड्यातल्या अमिनोपेप्टिडेज प्रोटीनवरचं एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन पकडतं. ती शर्करा अळीच्या स्वतःच्या एन्झाइमांनी लावलेली असते, जिवाणूच्या नव्हे.

भारतातल्या गुलाबी बोंडअळीच्या प्रतिकाराचे जे जनुकीय बदल सापडले, ते मात्र दुसरीकडे आहेत. क्राय१एसीसाठी कॅडहेरिन या प्रोटीनच्या जनुकात, क्राय२एबी या दुसऱ्या बीटी प्रोटीनसाठी एबीसीए२ या वाहक प्रोटीनच्या जनुकात. त्यामुळे साखरेवर दोष ढकलू नका. डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका आणि कामगंध सापळे लावा.

१३. इन्सुलिन जिवाणूत बनतं, मग सगळीच औषधं जिवाणूत का बनवत नाहीत? आणि लसीचा याच्याशी काय संबंध?

माणसाच्या इन्सुलिनवर शर्करा नसते, म्हणून ते ई. कोलायमध्ये बनवता आलं. १९८२ मध्ये ते बाजारात आलं. किडनीच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी देतात ते एरिथ्रोपोएटिन मात्र शर्करांनी लगडलेलं असतं. शर्करा नसतील तर ते रक्तातून झटकन निघून जातं. म्हणून ते हॅम्स्टरच्या पेशींत बनवतात.

लसीचा संबंध फार जवळचा आहे. अनेक जिवाणूंचं बाहेरचं कवच शर्करांचं असतं. नुसती ती शर्करा टोचली तर दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर तिची दखल नीट घेत नाही. तिला प्रोटीनला जोडून दिलं की टी पेशींची मदत मिळते आणि स्मृती तयार होते. उपकेंद्रात बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात त्या पेंटाव्हॅलंटमधला हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) घटक, आणि दीड, साडेतीन व नऊ महिन्यांची न्यूमोकोकल लस, दोन्ही अशाच जोडलस आहेत. त्यांत जोडणी कारखान्यात रसायनांनी करतात. पीजीएल-बी मिळाल्यावर दुसरी वाट उघडली. ई. कोलायमध्येच हगवणीच्या शिगेलाची शर्करा बनवायची, प्रोटीनमध्ये प्रश्न ५ मधला पत्ता लिहून ठेवायचा आणि जोडणी एन्झाइमकडूनच करून घ्यायची. अशा लसींच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. गरीब गावांतल्या बाळांसाठी मला या वाटेकडून फार आशा आहे.

१४. साखळीत पत्ता बरोबर आहे, तरी शर्करा लागली नाही. असं कसं? आणि नियम मोडणारे कोण?

पत्ता असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. प्रोटीन आधीच घट्ट घडी होऊन बसलं आणि पत्ता आत दडला तर साखळी पीजीएल-बीच्या खाचेत वळसा घेऊ शकत नाही. पत्ता मोकळ्या, लवचिक भागात लागतो. शिवाय ते प्रोटीन पडद्यापलीकडे जायला हवं. पेशीद्रवातच राहणाऱ्या प्रोटीनवर पत्ता असून उपयोग नाही.

उलटही घडतं. प्रोटीनच नसताना पीजीएल-बी माळ पाण्यावर सोडून देतं, त्यामुळे कॅम्पिलोबॅक्टरच्या दोन पडद्यांमधल्या जागेत सुट्या सात मण्यांच्या माळा सापडतात. आणि नियमाबाहेरच्यांत माझं आवडतं एन्झाइम म्हणजे स्यूडोमोनासचं ईएआर-पी. ते ईएफ-पी या एकाच प्रोटीनच्या ३२ व्या अर्जिनीनवर एकच ऱ्हॅम्नोज ठेवतं. तेवढा एक मणी नसेल तर लागोपाठ प्रोलीन आले की प्रोटीनची साखळी ओवणारा रायबोसोम अडकतो.

प्रोजेक्टसाठी संगणकावर पत्ते शोधणाऱ्या मुलांना एवढंच सांगणं: मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचं वस्तुमान मोजून) दाखवलेलं नसेल तोवर ‘संभाव्य जागा’ असंच लिहा.

१५. आपल्या कॉलेजात यातलं काही डोळ्यांनी दाखवता येईल का?

जिवाणूचं नाही, पण प्रोटीनवरची शर्करा दाखवता येते. गावरान अंड्याचा पांढरा बलक घ्या. त्यात थोडं सुटं ग्लुकोजही असतं, म्हणून थेट चाचणी केली तर फसाल. आधी त्यात अल्कोहोल घाला, प्रोटीन पांढऱ्या चोथ्यासारखं खाली बसेल. पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने ते तीन-चारदा धुवा. शेवटच्या धुवणाची मोलिश चाचणी नकारार्थी आली की मगच चोथा पाण्यात कालवा, अल्फा-नॅप्थॉलचे दोन थेंब टाका आणि परीक्षानळी तिरपी धरून कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडा. आम्ल शिक्षकांनीच सोडायचं. दोन थरांच्या मधोमध जांभळं कडं उमटतं. धुवून धुवूनही न गेलेली ती शर्करा असते. गेल्या वर्षी वर्गातल्या मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा उठून टेबलापाशी आली, ती हे कडं बघायला.